वीरप्पा गिरणीवाल्यानं केलेलं भूत

वीरप्पा गिरणीवाला आमच्या शेजारी राहतो. मधे एक भिंत आहे, पण ती नुसती बघायला. सकाळी उठून वीरप्पा बायकोला "पाणी तापलं का" असं विचारतो, तेव्हा गल्लीतल्या चार घरांतल्या बायका आपापल्या चुलीकडं बघतात. अणदुरात बाकीच्यांच्या घरात काय शिजलं ते वासावरनं कळतं. वीरप्पाच्या घरातलं ऐकूनच कळतं.

त्याचा काही दोष न्हाय. मिसरूड फुटायच्या आधीपासनं तो गिरणीत उभा आहे. बापानं टाकलेली गिरणी, लांब पट्ट्याची, जुन्या मोटरची. चालू झाली की वरचे पत्रे थरथरतात आणि समोरच्या झाडावर कावळा बसत न्हाय. तिच्यापुढं बोलायचं म्हणजे बोंबलायचं. बोंबलून बोंबलून वीरप्पाचा आवाज तसाच मुरला, बरणीतल्या लोणच्यावाणी. आता बाहेर काढला तरी फिका व्हायचा न्हाय.

मुलगी बघायला तो तामलवाडीला गेला होता, तेव्हाची गोष्ट आमच्याकडं अजून सांगतात. प्रेमाबाई पोहे ठेवून आत गेली. वीरप्पा मामाच्या कानाला लागला आणि गुपचूप म्हणाला, "पोरगी बरी आहे, पण नाक जरा बसकं आहे." ते गुपचूप रस्त्यावर बैलगाडी हाकणाऱ्यालाही कळलं. आतनं प्रेमाबाईचा आवाज आला, "नाकाचं राहू द्या. ह्यांच्या घरात आधी कानच जायचे." मामानं तिथंच सुपारी फोडायला सांगितली. म्हणाला, "हिला उत्तर देता येतं, अजून काय बघायचं."

पण लग्न झाल्यावर प्रेमाबाईला उत्तर द्यायची सवड मिळालीच न्हाय. गिरणीत कोण कुणाचं ऐकतंय. मग दोघांनी हाताची भाषा काढली. पंजा पुढं केला की मागं सरा, पट्टा चालू आहे. बोट खाली केलं की डबा ठेवा. चिमूट चोळली की बारीक, मूठ आवळली की भरड. मनगटावर दोन बोटं आपटली की तुमचा नंबर अजून आला न्हाय. आणि वीरप्पानं कानाची पाळी पिरगाळली की चहा आण. दळण आणणाऱ्या आमा बायकांनाही ती भाषा येते, पण प्रेमाबाईसारखी न्हाय. वीरप्पाचा हात उठायच्या आधी तिला कळायचं. आणि गिरणी चालू असली की वीरप्पा तोंडानं बोलतच न्हाय, हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

हल्ली घरोघरी छोट्या गिरण्या आल्या, पिशवीतलं पीठ आलं. वीरप्पाची गिरणी सकाळी थोडी फिरते आणि मग गप. गिरणी गप झाली, वीरप्पा कसा होणार. सून म्हणते, मामंजी हळू. देवळात पुजारी म्हणतात, हळू. पुण्याची लेक म्हणते, अप्पा, मी फोन ठेवला तरी तुमचं ऐकू येतंय. एका बारशाला तर त्याला यजमानानंच सांगितलं की तुम्ही पोराच्या कानात नाव सांगायच्या वेळी जरा अंगणात बसा, न्हायतर नाव आधी गावाला कळंल.

आणि एके दिवशी निखत दळण घेऊन आली.

निखत ही मास्तरांची लेक. आमच्या गावचा रेडिओ ती चालवते. शाळेमागं एक खोली आहे, आवाज घुमू नये म्हणून तिच्या भिंतींना तिनं गल्लीतल्या जुन्या वाकळा टांगल्या आहेत. त्यातली एक माझी आहे, खिडकीजवळची, उंदरानं खाल्लेली. तिथनं बोललेलं आसपासच्या गावांत ऐकू जातं. निखतनं डबा खाली ठेवला. वीरप्पा म्हणाला, "ज्वारी चाळली का, पोरी?" तेव्हा गिरणी बंद होती. निखत एक पाऊल मागं गेली आणि मग हसायला लागली.

"मामा, माझ्या नाटकात भूत व्हाल का?"

"मेल्याबिगर?"

"मेल्याबिगर."

"मग जमंल," वीरप्पा म्हणाला. हे सगळं मला घरात भाकरी थापताना ऐकू आलं, म्हणून सांगते.

नाटक तिनंच लिहिलेलं. अजून हजार वर्षांनी चंद्रावर माणसं राहायला गेलेली असतात. चंद्रावर हवा न्हाय, म्हणून आवाज न्हाय. म्या विचारलं, मग नवरा-बायको भांडतात कसं? निखत म्हणाली, "काकू, तेच तर. भांडायला आवाज पाहिजे म्हणून ते यान घेऊन खाली येतात." कुठं येतात, तर नळदुर्गच्या किल्ल्यात. जुन्या दगडांत जुने आवाज साठलेले असतात म्हणे, घोड्यांचे, नगाऱ्यांचे, पाणीमहालातल्या पाण्याचे. भूत म्हणजे दुसरं काही न्हाय, दगडात राहिलेला आवाज. ते आवाज यंत्रानं शोषून चंद्रावर न्यायचे असतात. आणि किल्ल्याच्या पहारेकऱ्याचं भूत त्यांना अडवतं. ते भूत वीरप्पा.

एकच अडचण होती. भूत कुजबुजणारं होतं.

पहिल्या दिवशी निखतनं सांगितलं, "मामा, हळूच म्हणा. परत जा, चांदोबाच्या लेकरांनो, हा दगड जागा आहे." वीरप्पानं हळूच म्हटलं. माझ्या वाकळेतली धूळ खाली आली. यंत्रावरचा तांबडा दिवा लागला तो विझेना.

प्रेमाबाई म्हणाली, "नातू झोपलाय असं समजून बोला."

"नातू झोपलेला असताना म्या कधी हळू बोललोय?"

"म्हणून तर तो झोपत न्हाय."

ही बातमी नळदुर्गला गेली. ती जायला रेडिओ लागला न्हाय, वीरप्पाचा सराव वाऱ्यानंच गेला असंल. तिथला महेबूबभाई आला. त्याचं किल्ल्याच्या रस्त्याला चहाचं हॉटेल आहे, येणाऱ्या पाहुण्याला चहाबरोबर किल्लाही तोच पाजतो. वीरप्पाचा जुना दोस्त, पण आला तो भांडायलाच.

"किल्ला आमचा, मग भूत अणदूरचं कसं?"

"तुमच्या गावात भुतं न्हाईत वाटतं, महेबूब?"

"ऐक वीरप्पाशेट. खंडोबा दहा महिने तुमच्याकडं राहतो, बाकीचे आमच्याकडं. दोन्ही गावं बसून कराराचा कागद करतात, मग देव निघतो. देवाची वाटणी होते, भुताची का न्हाय?"

महेबूबभाईचं म्हणणं खरंच आहे. आमचा देव असा वाटून घेतलेला आहे, आणि त्यावरनं कधी कुणाचं अडलं न्हाय. शेवटी निखतनं तोड काढली. महेबूबभाईला तिनं चंद्राच्या यानाचा कप्तान केलं. आणि सांगितलं, नाटक रविवारी सकाळी थेट जाणार. तोवर वीरप्पामामांना कुजबुजता आलं तर भूत त्यांचं. न्हाय आलं तर महेबूबचाचा भूत, आणि मामा घरी बसून ऐकणार.

त्या दिवशी संध्याकाळी वीरप्पा आमच्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "वैनी, जन्मभर सगळे म्हणाले, हळू. ही एकटी पोर म्हणाली, बोला. हे भूत हातचं गेलं तर मला परत कुणी बोलवायचं न्हाय." हे तो माझ्याशी खाजगीत बोलत होता. म्हणजे सगळ्या गल्लीनं ऐकलं. त्यानंतर त्याच्या सरावाला कुणी हसलं न्हाय.

तो शेतात जाऊन विहिरीशी कुजबुजायचा. विहीर ते मोठं करून परत द्यायची, मग तो अजून हळू करायचा. उशीत तोंड घालून बोलायचा. चिंचेखाली शेळीच्या कानात "परत जा, चांदोबाच्या लेकरांनो" म्हणायचा. शेळी दोनदा परत गेली. शनिवारी त्यानं निखतला म्हणून दाखवलं. आवाज घोगरा, चिरका, पण हळू. निखत म्हणाली, "मामा, भूत तुमचं." वीरप्पानं आनंदानं जी आरोळी ठोकली, त्यात दोन दिवसांचा सराव वाहून गेला असं आमाला वाटलं, पण न्हाय, परत म्हटलं तर परत हळू आलं.

रविवारी आमी बायका खोलीच्या काचेबाहेर दाटीवाटीनं उभ्या. आत निखत यंत्रापुढं, महेबूबभाई डोक्याला रुमाल बांधून कप्तान, आणि वीरप्पा नवं धोतर नेसून. प्रेमाबाई त्याच्या शेजारी स्टुलावर, पाण्याचा तांब्या घेऊन. ती न्हाय बसली तर त्याचा घसा सुकतो.

सुरुवात लई छान झाली. चंद्रावरची माणसं कशी मुक्यानं जेवतात, मुक्यानं लग्नं लावतात, ते निखतनं सांगितलं. मग यान खाली उतरायची वेळ झाली. आदल्या दिवशी यानाचा आवाज मिळत नव्हता म्हणून निखतला एक युक्ती सुचली होती आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. तिनं बटण दाबलं.

वीरप्पाची गिरणी चालू झाली.

तीच, पट्ट्याची फटफट, दगडांची घरघर, थरथरणारे पत्रे. सकाळी गिरणीच्या पत्र्यामागं गुपचूप उभं राहून तिनं तो आवाज भरून आणला होता. कप्तान म्हणाला, "कोण आहे ह्या किल्ल्यात? समोर ये." आता वीरप्पानं कुजबुजायचं. वीरप्पा ताठ झाला, तोंड घट्ट मिटलं आणि त्यानं पंजा पुढं केला.

गिरणी चालू असली की तो तोंडानं बोलत न्हाय. म्या मघाशीच सांगितलं होतं.

रेडिओवर पंजा दिसत न्हाय. निखत यंत्रामागनं तोंड उघडून नुसती हातवारे करायला लागली, बोला, बोला. हात बघून वीरप्पाला वाटलं गिऱ्हाईक घाई करतंय. त्यानं मनगटावर दोन बोटं आपटली. आमच्या काचेबाहेर सगळ्यांचे पदर तोंडात.

तेव्हा प्रेमाबाईनं तांब्या खाली ठेवला. माईककडं वाकली. आणि जे हात म्हणत होते ते ती म्हणायला लागली, सपाट आवाजात, अगदी हळू. चाळीसेक वर्षं गिरणीत न वापरलेला आवाज, कोरा होता.

"मागं सर. पट्टा चालू आहे."

महेबूबभाईला हे लिहून दिलेलं नव्हतं. "कसला पट्टा?" तो म्हणाला.

"तुझा नंबर अजून आला न्हाय."

"कसला नंबर?" आता कप्तानाचा आवाज खरोखरच कापत होता.

वीरप्पानं बोट खाली केलं. "डबा खाली ठेव," प्रेमाबाई म्हणाली. मग वीरप्पानं चिमूट चोळली, मग मूठ आवळली, कारण गिऱ्हाईक सांगत न्हाय तर विचारावंच लागतं. प्रेमाबाईनं हळूच विचारलं, "बारीक करू का भरड?"

कप्तान म्हणाला, "या अल्ला, मी जातो परत," आणि खरंच उठून उभा राहिला. निखतनं गिरणी मोठी करत करत यान उडवून दिलं. नाटक संपलं. लिहिलेलं अर्धं तसंच राहिलं.

वीरप्पाला सगळ्यात शेवटी कळलं. गिरणी थांबली, आणि त्यानं स्वतःच्या हातांकडं बघितलं. मग तो उठून घरी गेला. दुपारभर त्याच्या घरातनं आवाज आला न्हाय. अशी शांतता आमी ऐकलेलीच नव्हती. तीन घरची माणसं विचारायला आली, वीरप्पाला बरं न्हाय का. मी तर भिंतीला कान लावला. ह्या भिंतीला पहिल्यांदाच कान लावावा लागला.

चार वाजता निखत आली, मागनं महेबूबभाई. म्याही गेले, शेजारधर्म म्हणून. वीरप्पा बाजेवर बसला होता, मान खाली.

"मामा, फोन थांबेनात," निखत म्हणाली. "शेजारच्या गावच्या एक बाई म्हणाल्या, तुझा नंबर अजून आला न्हाय हे ऐकून त्यांच्या सासूनं औषध निमूट घेतलं. सगळ्यांना हेच भूत पाहिजे परत."

"मग प्रेमाला घ्या. म्या तर बोललोच न्हाय."

प्रेमाबाई म्हणाली, "म्या कुठं काय बोलले. हातात होतं ते वाचलं. तुमच्या हाताबिगर मला काय ठाऊक, चंद्राच्या माणसाला डबा कुठं ठेवायचा ते?"

निखत म्हणाली, "मामा, दोघं मिळून एक भूत. गिरणी मी दर खेपेला लावणार."

वीरप्पानं महेबूबभाईकडं बघितलं. महेबूबभाई म्हणाला, "तुमचंच राहू दे. फक्त देव आमच्याकडं येईल ते दोन महिने भूतही आमच्याकडं पाठवायचं. माझ्या हॉटेलात बसेल. येण्या-जाण्याचा खर्च माझ्याकडं, चहा माझ्याकडं."

"कागद करायचा?" वीरप्पानं विचारलं.

"देवाचा करतो. भुतावर विश्वास आहे."

मग वीरप्पा हसला, पत्रे वाजले, आणि आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. हसता हसता तो प्रेमाबाईकडं वाकला आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाला.

मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मला ऐकू आलं न्हाय. निखतला आलं न्हाय, महेबूबभाईला आलं न्हाय. विहिरीशी, उशीशी, शेळीशी केलेला सगळा सराव त्यानं त्या एका वाक्यात घातला. लग्नाच्या आधीपासनं ह्या माणसाचं एकही बोलणं गावापासनं लपलेलं न्हाय, आणि नेमकं हेच लपलं.

"काय म्हणाला गं?" म्या न राहवून विचारलं.

प्रेमाबाई माझ्याकडं बघून गालात हसली. तिचं नाक अजून बसकंच आहे, पण हसताना शोभतं. तिनं वीरप्पाकडं तोंड केलं आणि स्वतःच्या कानाची पाळी पिरगाळली.

वीरप्पा उठला, आत गेला, आणि आतनं सगळ्या गल्लीला ऐकू येईल असं विचारलं, "साखर कुठल्या डब्यात आहे?"