यंदा तळण नाही

मागच्या दिवाळीत आमच्या घरी कोणीही वारलं नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या गल्लीत अजून दोघा-तिघांना खात्री नाही.

गेली होती ती माझी नोकरी! मालनपूरचा कारखाना दसऱ्याआधी बंद पडला आणि ऐन पन्नाशीत मी रिकामा झालो. हे फक्त बायकोला, म्हणजे वृंदाला, आणि इथे हिंदी मुलखात वाढलेल्या आमच्या लेकीला, सईला, ठाऊक. आईला मात्र अजिबात कळू द्यायचं नव्हतं. ती इंदूरला माझ्या बहिणीकडे गेली होती, तिथे पाय मोडून घेतला आणि प्लॅस्टरसकट टॅक्सीने भल्या पहाटे परत आली, ती थेट मागच्या खोलीत. गल्लीत कोणाला पत्ताही लागला नाही. या वयात तिने हाय खाऊ नये म्हणून मी रोज डबा घेऊन ‘ऑफिसला’ निघायचो आणि फूलबागेत बाकावर बसायचो. (तिथल्या माळ्याला माझा संशय यायचा आणि मला माळ्याचा.)

घरात काटकसर सुरू झाली. न्हावी बंद! सईने माझ्या डोक्यावर ट्रिमर चालवला. कानामागे खड्डा पडला. तो सारखा करायला गेली तर दुसरीकडे पडला.

“बाबा, सॉरी! अब तो पूरा ही साफ करना पड़ेगा!”

झालं, डोकं गुळगुळीत. त्याच आठवड्यात पाटणकर बाजारात समोरच्या पुरंदरेकाकूंनी वृंदाला गाठलं. “काय गं, भाजणी दळून आणलीस का?”

“यंदा आमच्याकडे तळण नाही हो, काकू.”

काकूंनी वृंदाचा हात दाबला आणि भाजी न घेताच निघून गेल्या.

आता मराठी घरात दिवाळीला तळण नसतं ते एकाच कारणाने: वर्षभरात कोणी गेलं असेल तर. मग शेजारीपाजारीच त्या घरी फराळ पोचवतात आणि तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. ही रीत मला माहीत नव्हती का? लहानपणापासून माहीत होती! पण चोराच्या मनात चांदणं. माझ्या डोक्यात नोकरीशिवाय दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

धनत्रयोदशीला काकू चिवड्याचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला.

“सांभाळा हो स्वतःला.”

“का? कोण काय म्हणालं तुम्हाला?”

“म्हणायला कशाला हवं? दिसतंय की!”

मी आत धावलो. “वृंदा, फुटलं! मला कोणीतरी बागेत पाहिलंय! तो माळीच असणार!”

दुसऱ्या दिवशी दाल बाजारातून जोशी चकल्या घेऊन आले. वरच्या मजल्यावरच्या शर्माजींनी शंकरपाळे आणले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “हौसला रखिए, भाईसाहब.” संध्याकाळी तर कोणीतरी अनारसे पाठवले. अनारसे! एवढा खटाटोप कोणी उगाच करतं का? नक्की काहीतरी काढून घ्यायचं असणार. मी दारात उभा राहून मुद्दाम मोठमोठ्याने हसलो आणि फोन कानाला लावून ओरडलो, “अरे, ऑफिसात काय काम आहे, काय काम आहे!” जाणारे-येणारे थबकले. त्यांच्या डोळ्यांत आणखीच कणव दाटली.

“बाबा, शक की भी हद होती है,” सई म्हणाली. इकडे आई पलंगावर बसून सगळा फराळ हाणत होती. “वृंदाच्या हाताला यंदा चव आलीय हो!” (हे ऐकून वृंदा दोन दिवस धुमसत होती.)

पाडव्याला काकू भजनी मंडळातल्या बायकांना घेऊन आल्या. सगळ्या सतरंजीवर माना खाली घालून बसल्या.  

“शेवटचं दर्शनसुद्धा नाही झालं,” काकू हुंदका देत म्हणाल्या.

“कोणाचं?” मी विचारलं.

तेवढ्यात मागून वॉकरची खटखट आली आणि आई दारात उभी राहिली. “वृंदा, कडबोळी संपली का गं?”

एक बाई किंचाळली. दुसरीने तिलाच घट्ट मिठी मारली. काकूंनी हात जोडले. “माई... तुम्ही आहात?”

“आहे की! नसायला काय झालं?”

तेव्हा कुठे माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. पण उशीर झाला होता. काकू माझ्याकडे वळल्या. “मग हे डोकं असं का? आणि तळण का नाही?”

“तळण नाही?” आई म्हणाली. “मग मी खातेय ते काय?”

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. इतके दिवस जे लपवलं, ते आता आईच्या तोंडावर सांगायचं होतं. 

“आई... माझी नोकरी गेली गं. दसऱ्याच्या आधीच.”

 आईकडे बघवेना म्हणून सतरंजीकडे बघत राहिलो.

“नुसती नोकरी?” आई म्हणाली. “अरे मेल्या, मला वाटलं, डॉक्टरने तुम्हाला माझ्याबद्दल काही सांगितलंय! सगळे कसे दबक्या आवाजात बोलत होतात!”

“हुश्श! नोकरीच ना?” काकूंनी कपाळावरचा घाम पुसला. “जाऊ दे मेली!”

आणि सगळ्या हसायला लागल्या. आई तर खुर्ची ओढून मध्येच बसली आणि तिच्यासाठी कोण किती रडलं त्याची चौकशी करू लागली. “मेल्यावर येणारा फराळ जिवंतपणी खाल्ला, असं भाग्य कोणाला मिळतं का?” मीही हसलो, खूप दिवसांनी, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ज्यांच्यावर संशय घेतला त्या माणसांचे पाय धरावेत असं वाटलं. वृंदाने डबे परत द्यायला काढले, तर काकू उखडल्या. “ठेव ते! गेलेल्याच्या नावाने देतो, मग असलेल्याच्या नावाने द्यायला काय झालं?”

मग त्यांनी लाडू काढून माझ्या तोंडात कोंबला. बाकीच्या बायकांनीही कोंबले. हसण्याचा आवाज ऐकून शर्माजी खाली आले आणि काहीच न कळल्याने माझा हात हातात घेऊन म्हणाले, “बधाई हो!” नोकरी लागली होती तेव्हा मला कोणी साधा चहा पाजला नव्हता. ती गेल्याचा आनंद मात्र अख्ख्या गल्लीने साजरा केला!