तलावाचं पाणी मी बंद केलं

चहा घ्या, बिस्किटं घ्या, आणि हसू आलं तर खुशाल हसा. या गोष्टीत सगळे शहाण्यासारखे वागले, एक माणूस सोडून. आता तो कोण, ते काय सांगायला हवं?

नव्वदच्या आसपासची गोष्ट. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगला तेव्हा सकाळी जेमतेम तासभर पाणी यायचं. आमची ही गेली त्यालाही एक-दोन वर्षं झाली होती. मुलगा नंदू पुण्याला, मुलगी वैशू नाशिकला. मे महिन्यात नातवंडं यायची, ती हळूहळू यायची बंद झाली.

"बाबा, तुमच्याकडे पाण्याचे हाल," नंदू फोनवर म्हणायचा. "मुलं कंटाळतात हो."

"बरोबर आहे," मी म्हणायचो. बरोबरच होतं ते. पण फोन ठेवला की तळमजल्यावरचं माझं दोन खोल्यांचं घर एकदम मोठं वाटायचं. दोन खोल्या, आणि मोठ्या! आहे की नाही गंमत?

मग मला अक्कल सुचली. एका जुन्या मित्राच्या ओळखीने कल्याणच्या पुढे, मुरबाड रस्त्याला, शनिवार-रविवारसाठी एक बंगला भाड्याने घेतला. बंगल्याला चक्क पोहण्याचा तलाव. नंदूला फोन लावला.

"जवळ कल्याण आहे. ऐतिहासिक शहर. मुलांना दुर्गाडी किल्ला दाखवू."

"बाबा, किल्ले पुण्यात काय कमी आहेत?"

"बंगल्यात पोहण्याचा तलाव पण आहे."

"खरंच? मग येतो."

वैशूचंही तेच. माझ्या हातच्या आमरसाला कधी इतका चटकन होकार आला नव्हता. तलाव तर तलाव, येतायत ना? मी तेवढ्यावर खूश होतो.

शुक्रवारी दुपारीच मी पुढे निघालो. निघताना सवयीप्रमाणे स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला. कोरडा ठणठणीत. नळाची रबरी नळी पिंपात तशीच टाकून, दार ओढून लॅच लावून निघालो. लक्षात ठेवा हं हे.

बंगला झकास होता. राखणदार बाळाराम तिथल्याच गावचा, सज्जन माणूस. तलाव काठोकाठ भरलेला, तळाशी निळ्या लाद्या. मी काठावर उभा राहून मनातल्या मनात सगळ्यांना पाण्यात उतरवलं, आणि हिलाही काठावर खुर्ची टाकून बसवलं. तिला पाण्याची भीती वाटायची.

शनिवारी पहाटे जाग आली ती पाणी वाहण्याच्या आवाजाने. आता डोंबिवलीकराला तुम्ही शिव्या द्या, तो ऐकून घेईल. पण पाणी वाया जाताना त्याला ऐकवत नाही. तसाच बाहेर धावलो. मोटार चालू, तलाव भरून काठावरून पाणी गटारात चाललेलं, आणि बाळाराम दूध आणायला गेलेला. भिंतीमागे एक मोठा लोखंडी वॉल दिसला. दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन तो फिरवला.

थोड्याच वेळात काठावरून वाहणारं पाणी थांबलं. मला काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

मग मी स्वयंपाकघरात शिरलो. पोह्यांची तयारी केली, मटकीला फोडणी दिली, आमरस काढला. मध्ये मागच्या वाडीतला एक म्हातारा कुंपणाशी आला, मला हात जोडून म्हणाला, "देव तुमचा भला करो." मीही हात जोडले. म्हटलं, इकडची माणसं काय मायाळू आहेत!

तेवढ्यात दोन्ही गाड्या आल्या. मुलं दारं उघडून थेट तलावाकडे पळाली. मी हात पुसत बाहेर येतो तर सगळे काठावर ओळीने उभे.

धाकटी नात म्हणाली, "आजोबा, पाणी कुठंय?"

निळ्या लाद्या लख्ख दिसत होत्या. तळाशी एक डबकं, त्यात एक बेडूक. त्याला मात्र तलाव पुरत होता.

एवढ्यात बाळाराम परतला, दूध ठेवून भिंतीमागे जाऊन आला. "काका, यो वॉल कुनी सोरला?"

"सोडला? अरे, मी बंद केला."

"काका, यो तलाव खाली कराचा वॉल. समदा पानी म्हाताऱ्याचे भेंडीत गेला."

"मग भर ना पुन्हा."

"भरतो. पन उद्या सांजपर्यंत टाइम लागंल."

नंदू रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. सगळे जेवले, आमरसाला छान म्हणाले. मी दुर्गाडीचा विषय काढला, तर मोठा नातू कॉमिक वाचत म्हणाला, "ऊन आहे, आजोबा." चारच्या सुमाराला वैशू माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, मुलांचा मूड गेलाय. आम्ही निघतो. तुम्ही येता का नाशिकला?"

"छे गं. माझं उद्यापर्यंत बुकिंग आहे," मी म्हणालो. बुकिंग कसलं अन् काय. तिने दुसऱ्यांदा विचारलं असतं तर गेलो असतो.

गाड्या गेल्या. इतक्या खोल्या, आणि मी एकटा. डोंबिवलीत एकटं राहायची सवय होती, पण तिथलं एकटेपण निदान भाड्याने घेतलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी तलावात गुडघाभर पाणी चढलं होतं. मी काठावर बसून त्यात पाय सोडले. बाळाराम म्हणाला, "काका, आता पोरांना बोलवा." मी म्हटलं, "बोलावतो." दुपारी घरी निघालो.

लॅच उघडून पाय आत टाकला आणि घोटा पाण्यात बुडाला. दोन दिवस सकाळी इमानाने पाणी आलं होतं. नळ उघडा, नळी पिंपात. पिंप भरून उंबरठ्यापर्यंत तलाव झाला होता. पाटावर ठेवलेलं शुक्रवारचं वर्तमानपत्र, माझ्या चपला, हिचा पोळपाट, सगळं निवांत तरंगत होतं. ज्याच्यासाठी मुरबाड रस्त्याला गेलो, तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता.

पॅन्ट दुमडून उपसायला लागलो, तोच बेल वाजली. दार जरासं किलकिलं केलं. शेजारच्या दामले वहिनी. हातात झाकलेली वाटी.

"भावजी, दोन दिवस सकाळी तुमच्याकडे पाण्याचा आवाज चाललाय. हे म्हणाले, बघून ये. मी म्हटलं, असू द्या हो, नातवंडं आली असतील, खेळत असतील पाण्यात. कधी नव्हे ती आलीत, कशाला मध्ये जायचं? हा शिरा मुलांना. कुठायत?"

मी दारातल्या फटीतून वाटी घेतली.

"दमलीत," मी म्हणालो. "झोपलीत."

आणि दार लावून पुन्हा पाणी उपसायला बसलो. अगदी हळूहळू, बादलीचा आवाज न करता. मुलं उठायला नकोत ना.