ब्रेक बाकी

‘रेस दाबा भावजी, दाबा!’ मी ओरडत होते. बैलगाडा शर्यतीच्या घाटाच्या माथ्यावरचं निशाण मागे गेलं, दोन्ही बाजूंची माणसं पटापट बाजूला झाली आणि मिस्त्रींनी ब्रेकवर पाय दिला. गाडी थांबली नाही. उजवीकडे ओढ घेत ती माळ ओलांडून पलीकडच्या उताराला लागली. ‘वैनी, धरून बसा,’ एवढंच ते म्हणाले. खाली मोठा धोंडा होता.

मिस्त्री म्हणजे माझे धाकटे दीर. पेठ गावाजवळ पुणे-नाशिक रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, घरातसुद्धा मिस्त्रीच. लग्न केलं नाही. दोन्ही वेळचं जेवण माझ्याकडे. एकदा त्यांनी माझं दुधाचं पातेलं इंजिनाचं ऑइल काढायला नेलं. मी ते रागाने रस्त्यावर फेकलं. त्यांनी उचललं, फुंकर मारली आणि म्हणाले, ‘बरं झालं वैनी, आता हे माझंच.’ पुढे वीस वर्षं ते गॅरेजात होतं.

गाडी कुणाचीही असो, मिस्त्री आधी ब्रेक बघत. गिऱ्हाईक म्हणे, ‘मिस्त्री, पिकअप न्हाई गाडीला.’ हे म्हणत, ‘पळती का ते मागनं बघू. थांबती का ते सांग.’ दुसऱ्याच्या गाडीत बसण्याआधी चालकाला तीनदा ब्रेक दाबायला लावत. पुतण्याच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या लग्नात नवरदेवाची फुलं लावलेली जीप दारात उभी, वाजंत्री सुरू, आणि हे नव्या धोतरात जीपखाली आडवे. मुहूर्त टळायला आला. मी म्हटलं, ‘भावजी, लोक काय म्हणत्याल?’ खालून आवाज आला, ‘नवरा उशिरा पोचंल, पर पोचंल.’

दुसरी सवय खडूची. काम अर्धं राहिलं की ते समोरच्या काचेवर खडूने लिहून ठेवत. ‘क्लच बाकी.’ ‘लाईट बाकी.’ ते अक्षर पुसल्याशिवाय गाडी गॅरेजातून हलायची नाही, आणि पुसायचं ते त्यांनीच. मालक कितीही मोठा असला तरी हात लावू देत नसत.

ती गाडी त्यांना पुण्याच्या एका म्हाताऱ्या साहेबांनी दिली होती. बुटकी, लांब नाकाची, वर छत नाही, माणसं दोनच बसणार. साहेबांच्या तरुणपणी ती शर्यतीत पळायची म्हणे. मिस्त्री तिला रोज पुसत. संध्याकाळी मला शेजारी बसवून कारखान्याच्या रस्त्याने पारगावपर्यंत नेत. उसाचे ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागे टाकून जात. ‘ही वाऱ्याला बसायची गाडी हाय वैनी,’ ते म्हणत. त्यांना ती तशीच आवडत होती. मला नव्हती.

आमचं घर शर्यतीच्या बैलगाड्यांचं. माझ्या मालकांचे बैल तालुक्यात नावाजलेले. ते गेले, बैल गेले, पण यात्रेला घाटावर जाताना मी मान वर करूनच जायची. एका वर्षी मिस्त्रींच्या गाडीतून गेले आणि घाटाच्या वाटेवरच्या चढाला ती गाडी फुसफुसून बंद पडली. शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळवतात, म्हणून पोरं ओरडली, ‘मिस्त्री, म्होरं घोडी सोडा, घोडी!’ शेवटी कुणाचे तरी बैल जुंपून आम्हाला वर ओढलं. मिस्त्री सगळ्यांबरोबर हसत होते. माझ्या विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला, तो मी पाहिला.

त्यानंतर वर्षभर मी त्यांना नीट जेवू दिलं नाही. ताट वाढताना म्हणायची, ‘गाडीत जीव न्हाई आन गाडीवाल्यातबी.’ शेवटी त्यांनी भंगारात आलेल्या एका जीपचं थोरलं इंजिन आणलं. चेनकप्पीने जुनं उचलून काढलं, नवं बसेना म्हणून खालची पट्टी कापली, नवी वेल्डिंग केली. बॉनेट मिटेना, त्याला भोक पाडलं. काम सुरेख झालं. पण चालू केल्यावर खूश झाले ते नाही, मी झाले. आवाजाने माझ्या दारातली कोंबडी पळाली.

यात्रेच्या सकाळी मी जरीचं लुगडं नेसून गॅरेजात गेले. काचेवर लिहिलेलं होतं, ‘ब्रेक बाकी.’

‘थोरल्या इंजिनाला ह्ये ब्रेक पुरायचं न्हाईत,’ मिस्त्री म्हणाले. ‘दुसरं मंचरला लेथवर टाकल्यात. आठ दिसांनी बसवतो, मग हिंडू.’

‘आठ दिसांनी यात्रा आसती का?’

‘वैनी, ऐका.’

‘भ्यालात व्हय?’

आमच्याकडच्या बैलगाड्याला ब्रेक नसतो. बैल निशाण ओलांडतात आणि चढाने दमून वरच्या माळावर आपणच थांबतात. जन्मभर मी तेच पाहिलं होतं. गाडीचंही तसंच होईल, असं मला वाटलं. मी चौथीपर्यंत शिकलेय, काचेवरचं मला वाचता येत होतं. विहीणबाईंनी वाचून पुन्हा हसू नये म्हणून मी ते पदराने पुसलं.

मिस्त्री बघत राहिले. ‘पुसल्यानं काम व्हत न्हाई, वैनी,’ म्हणाले. मग गाडीत बसले, तीनदा ब्रेक दाबला, आणि माझ्या बाजूचं दार उघडलं. माझा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता. ते मला ठाऊक होतं.

बैलांची शेवटची बारी पळून झाल्यावर घाट मोकळा झाला. आम्ही खालून सुटलो. पुढचं आधी सांगितलंच आहे. धोंडा त्यांच्या बाजूला लागला. त्यांनी मुद्दाम तशी वळवली असं लोक मला सांगतात. असेल. गाडी त्याच बाजूला ओढत होती, हेही मी पाहिलं होतं.

दवाखान्यात पोलिसाने विचारलं, ‘आजी, ब्रेकचं काम राहिलंय हे त्यांना माहीत होतं का?’

मी म्हणाले, ‘मला बाईमाणसाला गाडीतलं काय कळतंय?’

त्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही. मला कुणीच काही विचारलं नाही. सगळ्यांनी मला पाणी दिलं.

परवा पेठेच्या थांब्यावर एसटीची वाट बघत होते. शेजारचा पंक्चरवाला बंद गॅरेजकडे बोट करून गिऱ्हाइकाला सांगत होता, ‘मिस्त्री लई हुशार गडी. पर सोताच्याच गाडीचं ब्रेक इसरला बघा.’ मी हातभर अंतरावर उभी होते. एसटी आली. मी चढले.

ते विसरले नव्हते. त्यांनी लिहून ठेवलं होतं, मी पुसलं. गाडीत आम्ही दोघंच होतो. वाचले ती मी.