हिरव्या इरकलीतला अक्काचा फोटो

आमच्या अक्कानं हार घालायचा फोटो जिवंतपणीच काढून घेतला होता!

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आज तिला जाऊन वर्ष झालं.

माझी शाळा चौथीपर्यंतच. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या, पण आज लिहिणार म्हणजे लिहिणार.

तर झालं असं, शेजारच्या काकू गेल्या आणि घरात त्यांचा एकटीचा फोटोच नाही. लग्नाच्या ग्रुपमधून कापून लावला, तर गालाशी कुणाचंतरी कोपर!

अक्का म्हणाली, "माझ्या फोटोत दुसऱ्याचं कोपर नको बाई."

हे नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराचं. हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारात तिच्या सासरचं साड्यांचं दुकान. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हापासून दुकानात अक्काच बसायची. अंगावर कायम राखाडी नाहीतर बदामी.

फोटोच्या दिवशी आली ती हिरव्यागार इरकलीत! लाल पदर!

धाकटे दीर बरोबर होते. "वहिनी, तुम्ही हिरवं? भिंतीवर लावायचाय फोटो. लोक काय म्हणतील?"

"भाऊजी, जन्मभर लोकांच्या लेकींना हिरवं विकलं. एकदा मी नेसते."

भाऊजी हळूच स्टुडिओवाल्या बसण्णाच्या कानाशी लागले. मी ऐकलं ना!

"सॉफ्ट करा हो. हिरवा जरा पांढुरका दिसू दे."

तेव्हा सॉफ्ट फोकसची फॅशन होती. कॅमेऱ्यापुढच्या काचेला व्हॅसलीन चोळायचे. सुरकुत्या पुसट, रंग फिके, सगळं धुक्यातलं. स्थळांना पाठवायचे फोटो सगळे तसलेच. माझ्या नणंदेचा तर इतका मऊ काढला होता की बघायला आलेले तिच्या धाकट्या बहिणीलाच नवरी समजले. असो.

बसण्णानं बोटभर व्हॅसलीन लावलं.

अक्कानं बघितलं. उठली. आणि लाल पदरानं काच मधोमध पुसून टाकली!

"अय्यो अक्का, ग्लास री!"

"बसण्णा, तुमच्या कन्नडात हिरव्याला काय म्हणतात?"

"हसिरु."

"मग हसरूच येऊ दे की!"

आणि हसत बसली. हाराच्या फोटोत कोण हसतं हो?

फोटो आला तर काय! कडेचं व्हॅसलीन तसंच राहिलेलं. भोवती मऊ मऊ उजेड, मधे अक्का लख्ख. सुरकुती न् सुरकुती दिसतेय. मागचा पडदा तपकिरी, त्यावर तो हिरवा नुसता पेटलेला.

बसण्णानं मोठा करून शोकेसमध्ये लावला. भाऊजींनी त्या गल्लीनं जाणंच सोडलं!

एकदा मी तिथं उभी होते. पांढऱ्या साडीतल्या एक बाई आल्या. फोटो बघितला, मग बसण्णाला हळूच विचारलं, "मी निळं नेसून आले तर चालेल?"

छाती अशी फुगली माझी! म्हटलं, बहीण आहे माझी ती.

पुढे काही वर्षांनी माझे हे गेले. तेराव्याला जावेनं माझ्यापुढे फिकी साडी ठेवली.

अक्कानं ती उचलून बाजूला सारली. पिशवीतून मोरपंखी काढली, माझ्या मांडीवर ठेवली.

"नेस. मी बसलेय इथं."

सगळ्यांदेखत नेसले.

अक्का, तेव्हापासून फिकं नेसलेच नाही गं मी.

तुझ्या धाकटीचा नमस्कार तुला. मान वर करून.