गाडी तयार होत नव्हती, ते आठ दिवस

त्या आठ दिवसांत मला अण्णांची काही केल्या टोटल लागत नव्हती. अण्णा म्हणजे माझे वडील. वय एक्क्याऐंशी, ओझरच्या विमान कारखान्यात उभा जन्म फिटर. मी त्यांची एकुलती एक मुलगी, कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क, लग्न न केलेली आणि सगळी कॉलनी म्हणते तशी तोंडाने फटकळ. घरात आम्ही दोघं आणि खाली पार्किंगमध्ये आमची सोळा वर्षांची गाडी.

गुरुवारी सकाळी चांदवडजवळच्या गावातून आतेभावाचा फोन आला. "ताई, आईचं आता काही खरं नाय. डॉक्टर म्हणले घरी न्या. जीव मामांमधी अडकलाय तिचा. मामांना घेऊन ये, म्हणजे सुटंल बिचारी." फोन स्पीकरवर होता. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. त्यांची आई लहानपणीच गेली, आत्यानेच त्यांना अंगाखांद्यावर वाढवलं. मला वाटलं, आता अण्णा चपला घालून दारात उभे राहणार. अण्णा म्हणाले, "आधी गाडी बघू."

बघितली, तर खाली खरंच हिरवट पाणी सांडलेलं. रेडिएटरची वरची टाकी प्लास्टिकची असते, तिला तडा गेला होता. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, "रेडिएटर बदलून देतो, उद्या संध्याकाळी घेऊन जा." विषय संपला असता. पण अण्णांनी त्याला वाटेला लावलं. "एकाचं वय झालं म्हणजे सगळ्यांचं झालं," ते मला म्हणाले. "हे सगळं प्लास्टिक एकाच दिवशी बसवलेलं आहे. अर्ध्या रस्त्यात दुसरं काही फुटलं तर?" म्हणून काम आपण घरीच करायचं. आपण म्हणजे मी. त्यांचे हात थरथरतात. ते स्टुलावर बसून सांगणार आणि मी रोज ऑफिसच्या आधी दोन तास बॉनेटमध्ये डोकं घालणार.

कबूल करते, सुरुवातीला त्यांचं पटलं. जुना पाइप ओढला तर त्याचं काळं तोंड पापडासारखं मोडून माझ्या हातात आलं. शनिवारपर्यंत नवा रेडिएटर बसला. रविवारी निघायचं म्हणून मी पहाटे उठून पोळ्या केल्या, तर अण्णा खाली पाण्याच्या बाटलीवर नख मारत उभे. कूलंटची ती बाटली पिवळी पडलीय म्हणे, दाबाने उकलेल. पोळ्या आम्ही घरीच खाल्ल्या. सोमवारी थर्मोस्टॅटवरचं प्लास्टिकचं झाकण. त्यासाठी शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या स्पेअरच्या दुकानात मी तीन खेपा घातल्या. पहिलं झाकण त्यांनी परत पाठवलं, कारण काय, तर कडेला रेघ आहे. मी चष्मा लावून, उन्हात धरून बघितलं. कसली रेघ आणि कसलं काय!

इकडे रोज फोन. "निघाले का मामा? आई दाराकडंच बघती."

"अण्णा, टॅक्सी करू."

"नको. परक्याच्या हातात गाडी मला चालत नाही."

"मग एसटीने जाऊ."

"माझे गुडघे."

गुडघे! मागच्याच महिन्यात मित्रांबरोबर एसटीने त्र्यंबकेश्वरला जाऊन आलेला माणूस! माझ्या डोक्याचं भजं झालं. यांना विसरायला होतंय का? आत्याशी काही जुनं भांडण आहे का? तसं विचारलं, तर म्हणाले, "वेडी आहेस का?" बरं, बहिणीवर माया नाही म्हणावं, तर जेवण निम्म्यावर आलेलं. ताटात भात चिवडत बसायचे आणि मध्येच म्हणायचे, "उद्या ती पाइप आवळायची मागची क्लिप बघू." ऑफिसात साहेबांनी विचारलं, गाडी झाली का? मी म्हटलं, विमान बनवतोय.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी चहा घेऊन खाली गेले. बॉनेट उघडं होतं. अण्णा वाकून, थरथरत्या हाताने, स्क्रू ड्रायव्हर फिरवत होते. आदल्या दिवशी मी घट्ट केलेली आणि त्यांनीच पास केलेली क्लिप ते सैल करत होते. मला बघून पाइपाकडे बोट दाखवत म्हणाले, "बघ, थेंब. गळतंय अजून."

माझी तार सटकली. "अण्णा, लाज वाटू द्या! तुम्ही सैल केलीत! मी बघितलं. तिकडे ती म्हातारी तुमच्यासाठी ताटकळलीय आणि तुम्ही इथे..." समोरच्या बिल्डिंगमधले दोघं गॅलरीत आले, तरी माझा आवाज खाली येईना.

अण्णा स्टुलावर बसले. नाकारलं नाही. "हो, केली," म्हणाले. "अगं, सगळे काय सांगतात फोनवर? मी गेलो की तिचा जीव सुटेल. मी गेलो नाही तोवर ती आहे."

मी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी. इतक्या शिकलेल्या, नटबोल्टसुद्धा मोजून लावणाऱ्या माणसाने हे धरून बसावं? हसावं की रडावं ते कळेना. रडूच आलं. "आणि तिचे हाल होतायत त्याचं काय, अण्णा?"

मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. "घट्ट कर," म्हणाले.

दहाच्या आत आम्ही निघालो. गाडी अशी पळाली की बोलायची सोय नाही. अण्णांनी ओझर गेलेलंसुद्धा बघितलं नाही.

आत्या खाटेवर मुटकुळं होऊन पडली होती. अण्णांना बघून तिचे डोळे मोठे झाले, ओठ हलले, शब्द आला नाही. अण्णांनी तिच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं. खोलीतली सगळी माणसं श्वास धरून उभी. आत्याने पाणी गिळलं, अण्णांचा हात घट्ट धरला आणि चक्क घोरायला लागली. कोणी कोणाकडे बघावं तेच कळेना. शेवटी आतेभाऊ म्हणाला, "चहा टाका."

चहा करता करता वहिनी मला हळूच म्हणाल्या, "परवापासून वाचा गेली बघा. तोवर रोज सकाळी विचारायच्या, भाऊ निघाला का? काहीतरी सांगायचं होतं त्यांना. आम्ही म्हणायचो आम्हाला सांगा, तर म्हणायच्या, नाय, त्यालाच सांगीन." मी ओट्याला धरून उभी राहिले.

संध्याकाळी परत निघालो. आत्या झोपेतच होती, श्वास शांत चालला होता. हायवेला लागल्यावर अण्णांनी विचारलं, "तिची वाचा केव्हापासून गेलीय गं?"

आजवर मी त्यांना कधी काही झाकून सांगितलेलं नाही. चांगलं असो, वाईट असो, तोंडावर. "पंधरा-वीस दिवस झाले म्हणे," मी म्हटलं.

"म्हणजे आपण गेल्या रविवारी आलो असतो तरी..."

"तरी काही नाही, अण्णा."

त्यांनी मान हलवली. खिडकीबाहेर बघत राहिले. पिंपळगाव गेल्यावर पुन्हा माझ्याकडे वळले.

"माझ्यासाठी काही निरोप ठेवला होता का तिने?"

"नाही," मी म्हटलं.