दुसऱ्याचे ठोके

कॅनडातल्या सडबरी या खाणींच्या गावात ड्रम वाजवणारे ढीगभर होते, पण बारमधल्या माणसांना रेनो कॅलिओच लागायचा. आठवडाभर गॅरेजात ट्रकांची चाकं काढायची आणि शनिवारी खाणकामगारांना नाचवायचं, हा त्याचा क्रम. गाणं रंगात आलं की त्याचा हात सुटायचा, लय चढायची, आणि थकलीभागली माणसंसुद्धा बिअर टाकून उठायची.

मग त्याच्या बँडच्या पहिल्या अल्बमचं जमलं. टोरांटोच्या स्टुडिओत रेनोच्या कानात यंत्राची टिकटिक घातली. तिच्याबरोबर वाजवायचं, जराही पुढे जायचं नाही. आता बारमध्ये कोण मेला टिकटिक लावतो? कडवं तो कसंबसं सांभाळायचा आणि ध्रुवपद आलं की सुटलाच!

"पुन्हा घेऊ," काचेपलीकडून निर्माता म्हणायचा. दिवसभर हेच.

दुसऱ्या दिवशी रेनो आत शिरला, तर ड्रमवर भाड्यानं आणलेला वादक बसलेला. मार्सेल, त्यांचा गायक आणि रेनोचा शाळेपासूनचा दोस्त, त्याला बाहेर घेऊन गेला. हातात कॉफी दिली.

"राग मानू नकोस रे. इथे असं करतातच. कव्हरवर नाव तुझंच आहे."

"मग ठीक आहे," रेनो म्हणाला.

कसलं डोंबलाचं ठीक! पण त्याला खरोखरच राग आला नाही, रडूही आलं नाही. दात काढताना सुई टोचल्यावर गाल होतो, तसा तो आतून बधिर झाला होता. कॉफी संपवून तो बसनं घरी आला.

अल्बम निघाला. गॅरेजच्या मालकानं पाठीत धपाटा घातला, "लेका, काय वाजवलंयस!" आई तर आल्यागेल्याला रेकॉर्ड ऐकवायची, "हा बघा, हा आमचा रेनो."

"हो," रेनो म्हणायचा. दुसरं काय म्हणणार? खरं सांगितलं असतं तर अख्ख्या बँडची छीथू झाली असती.

पुढे दौरा ठरला. लोक रेकॉर्ड ऐकून येणार, तेव्हा वाजायला हवं तेही तसंच. रेनो तळघरात रेकॉर्ड लावून बसू लागला. त्या परक्या माणसाचा एकेक ठोका ऐकायचा, आपल्या हातात बसवायचा. हात सुटू पाहायचा, तो दाबून धरायचा. सगळा हिवाळा त्यात गेला. वाईट वाटायचं का? तेही नाही.

दौऱ्याआधीच्या सरावात पहिलं गाणं संपलं आणि मार्सेल धावत येऊन त्याच्या गळ्यातच पडला.

"अरे, हुबेहूब रेकॉर्डसारखं! हा खरा आमचा रेनो!"

रेनोनं मान डोलावली आणि पुढचं गाणं कुठलं, ते विचारलं.