बोरीखालून आलेली हाक

कोणी भुताखेतांच्या गोष्टी सुरू केल्या की मी उठून भाजी निवडायला घेते. मला तेवढा वेळ नसतो. तरी हे लिहिते आहे... कारण हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही.

आमच्याकडे हे अमरावतीला वकिली करतात. शेत मूर्तिजापूर स्टेशनपासून बैलगाडीच्या वाटेवर. दरवर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही तिथे जातो – सीतादहीला. कापूस फुटला की वेचणीआधी शेताला दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, असा आमच्या वऱ्हाडातला रिवाज. शेतावरच कायमचं राहायला जावं, हे आमचं दोघांचं जुनं स्वप्न. गेल्या खेपेला विहिरीपलीकडे, बोरीच्या झाडाखाली, घराच्या जागेला खुंट्याही ठोकल्या. पाणी कुठे, लाकडं कुठे, सारं मी ठरवून टाकलेलं. हे म्हणाले, "पाया खणला नाही, अन् केरसुणीची जागा मुक्रर!"

यंदाच्या सीतादहीची भर दुपार होती. नैवेद्य झाला होता. मी बांधावर बसून सालदाराच्या बायकोबरोबर, सुभद्रेबरोबर, डबे उघडत होते. हे समोर कपाशीत फिरत होते. तेवढ्यात बोरीकडून हाक आली – "अहो, पानं वाढली!"

आवाज माझा होता.

सुभद्रेच्या हातातली भाकर तशीच राहिली. "बाई, तुमी त अठीच आहा... मंग तिकडून कोन बलावून रायलं?"

हे "आलो, आलो" म्हणत तिकडे निघाले. मध्ये बिनकठड्याची विहीर! मी ओरडले, "अहो, थांबा!" यांनी वळूनही पाहिलं नाही. मग तिकडून पुन्हा माझाच आवाज आला, आणि त्यानं यांचं नाव घेतलं. लग्नातल्या उखाण्याखेरीज मी ते कधी उच्चारलेलं नाही. इथेही लिहीत नाही. यांचा चेहरा असा खुलला, की मला माझीच भीती वाटली.

मग मीही नाव घेतलं. वेचणीसाठी आलेल्या साऱ्या बायांदेखत, होता नव्हता तेवढा जोर लावून.

हे विहिरीच्या काठाशी थबकले. परत आले.

"माझी हाक ऐकली ना?" मी विचारलं.

"कुठली? तूच तर बोरीखालून म्हणालीस – 'जा, ती बोलावते आहे.'"

ऊन, वारा, विहिरीतला प्रतिध्वनी... सगळं ताडून पाहिलं. पण सुभद्रेनंही ऐकलं होतं, आणि प्रतिध्वनी आधी बोलत नाही.

घराचा बेत मी रद्द केला आहे. हे मात्र ऐकत नाहीत. परवा जेवताना पान पुढे सरकवून म्हणाले, "अगं, तिला तिथे एकटीला किती दिवस ठेवायचं?"